पेठच्या तीनशे बारा नळ्या

सहादू भोयेला पथकात मी आणलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी लांब उभा राहून बघितलं असं कोणाला वाटायला नको.

आम्ही दोघं सातपूरच्या एका स्विचगिअरच्या कंपनीत होतो, एकाच प्रेस शॉपमध्ये. मी गोरक्ष पिंगळे, मखमलाबादचा. तो पेठ तालुक्यातला, कोकणा समाजाचा. करंजाळीच्या पुढे गेल्यावर डावीकडे आत वळलं की डोंगराला टेकून त्याचा पाडा. आश्रमशाळेत दहावी, नाशिकला आयटीआय आणि मग कंपनी, असा तो आला होता. पाड्यातली बाकीची माणसं भात आणि नागली निघाली की दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायची आणि पावसाळ्यापूर्वी परत यायची. कायमची नोकरी लागलेला सहादू पहिलाच. बायको ललिता आणि दोन मुलींना घेऊन तो श्रमिकनगरला एका खोलीत राहायचा. बोलायला कमी. काही विचारलं तर आधी जरा वेळ समोरच्याकडे बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. नवीन माणसाला वाटायचं, याला ऐकू गेलं नाही.

कंपनीची सुट्टी शनिवारी असे. शुक्रवारी पहिली पाळी सुटली की हा त्याच्या जुन्या सीडी हंड्रेड मोटारसायकलवर बसून गावी जायचा, शनिवारी संध्याकाळी परत. त्याची थोरली बहीण भागीबाई आणि तिची मुलगी आशा पाड्यावर असायच्या. भागीबाईचा नवरा लवकर गेला होता. मामा म्हणून आशाचं सगळं सहादूच बघायचा.

आमचं पथक तेव्हा वर्षभराचं होतं. शहाण्णव साल. त्या वेळी पेठ, सुरगाणा या बाजूच्या सरकारी दवाखान्यांत रक्त ठेवायची सोय नव्हती. बाळंतीण अडली, कोणी झाडावरून पडलं, तर नातेवाइकाने डॉक्टरची चिठ्ठी आणि रक्ताचा नमुना घेऊन एसटीने नाशिकला यायचं, रक्तपेढीत थांबायचं आणि पिशवी घेऊन पुन्हा एसटीने जायचं. दिवस मोडायचा. कधी माणूसही जायचा. गंगापूर रोडवर एका ट्रस्टची रक्तपेढी होती. तिच्या प्रमुख डॉक्टर इंदिरा गर्गे. त्यांनी मोटारसायकलवाले गोळा केले आणि सांगितलं, फोन आला की ज्याला जमेल त्याने निघायचं, पेट्रोल ज्याचं त्याने घालायचं. सगळे त्यांना गर्गेबाई म्हणायचे. पन्नाशीच्या आसपास वय, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. पिशव्या भरलेला थर्मोकोलचा डबा त्या स्वतः गाडीला बांधून द्यायच्या. दोरी ओढून बघायच्या आणि मगच "निघ" म्हणायच्या.

मी एकदा कॅन्टीनमध्ये सहादूला हे सांगितलं. तो भाकरी मोडत होता. नेहमीप्रमाणे जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी दर शुक्रवारी रिकामाच जातो. डबा असंल तर नेईन."

एवढ्यावर तो पथकात आला. आणि शुक्रवारपुरता राहिला नाही. दोनेक महिन्यांत पेठची बाजू पूर्ण त्याची झाली. आम्ही शहरातली पोरं पेठच्या वाटेवरच्या सावळघाटाला दबकायचो. त्याला त्या घाटाचं प्रत्येक वळण पाठ होतं. एकदा घाटात ट्रक आडवा झाला आणि दोन्हीकडे गाड्यांची रांग लागली. सहादूने मोटारसायकल एका चहाच्या टपरीवर लावली, डबा डोक्यावर घेतला आणि ट्रकच्या बाजूने उतरून चालत सुटला. पुढे दुधाच्या टेम्पोने त्याला पेठला सोडलं. बाई वाचली, मूलही वाचलं. हे आम्हाला तिथल्या डॉक्टरांच्या फोनवरून कळलं. त्याने आल्यावर एवढंच सांगितलं की बर्फ थोडा वितळला होता, पुढच्या वेळी एक लादी जास्त द्या.

गर्गेबाईंचा त्याच्यावर जीव होता, आणि ते नाटक नव्हतं. अजूनही मला ते नाटक वाटत नाही, म्हणूनच ही गोष्ट सांगणं अवघड जातं. राखी पौर्णिमेला त्या पथकातल्या सगळ्यांना राखी बांधायच्या, पण सहादूच्या घरी मात्र स्वतः जायच्या, मुलींना खाऊ घेऊन. ललिताला काविळीने घेरलं तेव्हा औषधं त्यांनी पाठवली. सहादू त्यांना बाई म्हणायचा, पण तो शब्द तो असा उच्चारायचा की घरातल्या कोणाबद्दल बोलतोय असं वाटावं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर बाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"सहादू, तुझ्या लोकांत एक आजार असतो," त्या म्हणाल्या. "सिकलसेल. रक्तातल्या पेशी गोल असतात, त्या कोयत्यासारख्या वाकड्या होतात. हातपाय ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही. पेठ भागात तो किती आहे हे कोणालाच नीट माहीत नाही. तपासायला हवं."

"आजारी माणसाचं तपासायचं का?"

"सगळ्यांचं. कारण काहीजण नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, जन्मभर कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर पोर आजारी निघू शकतं. लग्नाआधी कळलं तर किती बरं, नाही का?"

सहादूने मान हलवली. ते त्याला लगेच पटलं. मग म्हणाला, "लोकं सुईला भितात. रगत काढून विकतात म्हनतात."

"म्हणूनच तुला बोलावलं," बाई म्हणाल्या. "तू सांगितलंस तर ऐकतील."

ऐकलं त्यांनी. मार्गशीर्षातला डोंगऱ्या देवाचा उत्सव आटोपल्यावर लागोपाठ तीन शनिवार आम्ही पाड्यावर गेलो. बाई, त्यांचा एक तंत्रज्ञ, सहादू आणि मी. पहिल्या शनिवारी शाळेच्या ओट्यावर सगळा पाडा जमला, पण पुढे कोणी येईना. मग सहादूने बाही वर केली आणि खुर्चीवर जाऊन बसला. सगळ्यांच्या देखत सुई टोचून घेतली आणि रक्त काढून झाल्यावर तोच हात वर करून दाखवला.

काळूबाबा म्हणून एक म्हातारा होता, पाड्यात मान असलेला. त्याने विचारलं, "आन मंग? रगत घेऊन गेल्यावर आमाला काय कळंल?"

सहादू म्हणाला, "प्रत्येकाचा कागद येईल. मी सोता आनून हातात देईन. ज्याचा त्याला."

काळूबाबा उठला आणि खुर्चीवर बसला. मग रांग लागली. तंत्रज्ञाला तिथली नावं नीट कळत नव्हती, म्हणून नळ्यांवरच्या चिकटपट्टीवर नावं सहादूनेच लिहिली. भागीबाई आली. आशा आली. ती तेव्हा बारावीत होती, सुईकडे न बघता मामाकडे बघत होती. शेजारच्या पाड्यावरचे लोक आले, त्यांत दिनेश गावित नावाचा एक तरुण होता. तीन शनिवारांत तीनशे बारा नळ्या झाल्या. तिन्ही वेळा नळ्यांचा डबा सहादूच्या गाडीवर घाटातून नाशिकला आला.

मग रिपोर्टांची वाट बघणं सुरू झालं.

दोन महिन्यांनी सहादूने विचारलं. बाई म्हणाल्या, पुढची तपासणी पुण्याला करायची आहे, वेळ लागेल. पावसाळ्यात विचारलं. त्या म्हणाल्या, यादी करायची चालू आहे. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा त्या कामाच्या गडबडीत होत्या, "सांगते रे तुला" म्हणाल्या. त्यानंतर त्याने विचारलं नाही. मी एकदा टोकलं, तर म्हणाला, "बाई सांगते म्हनल्या ना. सांगतील."

पाड्यावर लोकांनीही विचारणं सोडून दिलं. सरकारी माणसं येतात, मोजतात, लिहून नेतात, पुन्हा येत नाहीत, याची त्यांना सवय होती. एक काळूबाबा तेवढा सहादू दिसला की विचारायचा, "माजा कागद?" सहादू सांगायचा, येतोय. काही वर्षांनी तो कागद पाड्यात थट्टेचा विषय झाला. कोणाला काही हवं असलं आणि मिळायचं नसलं की लोक म्हणायचे, काळूबाबाचा कागद आल्यावर मिळंल.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात आशाचं लग्न झालं. मुलगा तोच, शेजारच्या पाड्यावरचा दिनेश. शांत, कष्टाळू पोरगा. मी लग्नाला गेलो होतो. गर्गेबाईही आल्या होत्या. त्यांनी आशाला साडी दिली, दिनेशच्या डोक्यावरून हात फिरवला, पंगतीत बसून जेवल्या. पाड्यातल्या बायकांनी त्यांना हाताला धरून नाचायला ओढलं, तर त्या नाचल्याही.

दोन वर्षांनी आशाला मुलगा झाला. भावेश. वर्षभराचा होईपर्यंत बरा होता, मग त्याच्या हाताची बोटं सुजायला लागली. पायही. रडायचा तो थांबायचा नाही. अंग पिवळट. भगताकडे नेलं, करंजाळीच्या डॉक्टरकडे नेलं, सुईऔषध झालं, पुन्हा तेच. अडीच वर्षांचा असताना, दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात, श्वास घेताना त्याची छाती भात्यासारखी व्हायला लागली, तेव्हा सहादूने त्याला नाशिकला सिव्हिलमध्ये आणलं. मीही गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, सिकलसेल आहे. आई-बाप दोघं वाहक असणार. आयुष्यभर जपावं लागेल.

"तुमची कधी तपासणी झाली होती का?" त्यांनी आशाला विचारलं.

"शाळंत होते तवा रगत दिलं होतं," आशा म्हणाली. "मामांनी नेलं होतं."

डॉक्टरांनी सहादूकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, "हो, झाली हाय. गर्गेबाईंच्याकडं असंल. मी आनतो."

त्याच्या मनात काही नव्हतं. मी त्याच्या शेजारी उभा होतो, म्हणून खात्रीने सांगतो. त्याला वाटत होतं, रिपोर्ट कुठेतरी अडकून पडलाय, आता गरज आहे तर बाई शोधून देतील.

सोमवारी पाळी सुटल्यावर आम्ही दोघं रक्तपेढीत गेलो. बाई बंगळूरला एका परिषदेला गेल्या होत्या. त्यांच्या खोलीत डॉक्टर वल्लरी म्हणून एक तरुण मुलगी बसली होती, दोन महिन्यांपूर्वीच रुजू झालेली. सहादूने विचारलं, पेठकडचे जुने रिपोर्ट शोधता येतील का, सत्त्याण्णव सालचे.

"सिकलसेलचे?" ती उत्साहाने उठली. "शोधायला कशाला हवेत, इथेच आहेत. मॅडमचा तो गाजलेला पेपर त्याच्यावरच तर आहे. तो वाचूनच मी इथे काम मागितलं."

तिने काचेच्या कपाटातून एक जाड बांधीव वही काढली आणि टेबलावर ठेवली. वहीवर इंग्रजीत पेठचं नाव आणि अठ्ठ्याण्णव साल सोनेरी अक्षरांत छापलेलं. तिच्यावरच संशोधनाचं एक मासिकही होतं, त्यात मॅडमच्या पेपराशी खुणेचा कागद घातलेला.

"कोणाचं नाव बघायचंय?"

"आशा चौधरी," सहादूने तिचं माहेरचं नाव सांगितलं.

तिने बोट फिरवलं. "एकशे सत्तेचाळीस. वाहक."

"दिनेश गावित."

"थांबा हं. दोनशे एकसष्ट. वाहक."

वल्लरीने वही त्याच्याकडे वळवली, त्याला नीट दिसावी म्हणून. पहिलं पान उघडलं गेलं. पहिल्या ओळीत नाव होतं सहादू महादू भोये, वय एकतीस. त्यापुढे वाहक असल्याची तीच खूण. सहादूने त्या नावावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही का?" तिने विचारलं आणि मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला... तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी ते मासिक उघडलं. माझं इंग्रजी बेताचं, पण शेवटी आभार असतात एवढं कळत होतं. पाच-सहा मोठ्या नावांच्या खाली एका ओळीत आमच्या पथकाचे आभार मानले होते, दुर्गम भागातून नमुने वेळेत आणल्याबद्दल. मासिक नव्व्याण्णवच्या जानेवारीचं होतं. लग्न मेमध्ये झालं होतं.

सहादूने वही हळूच मिटली आणि पोरीला म्हणाला, "तुमचा काही दोष नाय." आणि बाहेर गेला.

ललिताची आणि त्याच्या दोन्ही मुलींची तपासणी त्याच आठवड्यात सिव्हिलमध्ये करून घेतली. ललिता वाहक नव्हती, त्यामुळे मुलींना आजाराचा धोका नव्हता. पण ते कळेपर्यंतचे तीन दिवस ललिता काय जगली ते मी बघितलं आहे. ती मुलींची बोटं चेपून बघत बसायची.

गर्गेबाई गुरुवारी आल्या. आम्ही पुन्हा गेलो. वल्लरीने त्यांना सांगितलेलं असावं, कारण आम्ही शिरताच त्यांनी फोन खाली ठेवला.

"बस, सहादू."

मी बसलो. तो उभाच राहिला.

"रिपोर्ट आले व्हते का, बाई?"

"आले होते."

"कवा?"

"अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये." त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "माझं ऐकून घे. असा नुसता कागद हातात देऊन चालत नाही. समजावून सांगणारा माणूस लागतो, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतात. मी तालुक्याला पत्र लिहिलं, माणूस द्या म्हणून. दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. मग पेढीचं नवीन मशीन आलं, लायसन्सचं काम निघालं. ते राहून गेलं."

"पेपर नाय राहिला."

बाईंनी फोन जरा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "त्या पेपरामुळे या भागाकडे लक्ष गेलं. उद्या तिथे केंद्र होईल, औषधं येतील. शेकडो पोरांना फायदा होईल."

"मी दोन वर्षं इचारत व्हतो. तुमी सांगितलं, पुन्याला हाय, यादी चालू हाय."

"तुला सांगितलं असतं तर तू पाड्यात सांगितलं असतंस."

"मंग? सांगायलाच तर आनलं व्हतं."

"अरे, मुलींची लग्नं मोडली असती. एकदा नावाला डाग लागला की कोणी करून घेत नाही. घाबरले असते लोक."

"घाबरले असते," सहादू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "घाबरून काय करायचं ते त्यांनी बघितलं असतं. तुमी आशाच्या लग्नात जेवल्या, बाई. तुमाला दोघांचंबी म्हाईत व्हतं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "मला नावं लक्षात नव्हती रे," त्या म्हणाल्या. "खरंच सांगते. तीनशे नावं होती. मी वहीत आकडे बघायचे, नावं नाही. त्या दिवशी तो मुलगा वहीतला आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही."

मला वाटतं ते खरं होतं. आणि सहादूलाही ते खरं वाटलं असावं, कारण त्यानंतरच तो मोडला. त्याआधी तो भांडत होता. आता त्याने टेबलाची कड धरली.

"यादी द्या मला," तो म्हणाला. "मी एकेकाला जाऊन सांगतो."

"तशी नाही देता येत. ती गोपनीय असते. मी रीतसर शिबिर लावते, दोन महिन्यांत लावते, शब्द देते."

त्याने शर्टाच्या खिशाला लावलेला पथकाचा बिल्ला काढला आणि पेपरवेटशेजारी ठेवला. मग दार उघडून निघून गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

मी खुर्चीतच बसलेलो होतो. बाई मला म्हणाल्या, "गोरक्ष, तू तरी समजून घे." आणि मी मान हलवली. का हलवली ते सांगता येत नाही. रक्तपेढीचं काम मोठं होतं, चांगलं होतं, ते बंद पडू नये असं वाटत होतं. कदाचित समोर बसलेल्या मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय नव्हती. बाईंनी चहा मागवला आणि मी तो प्यायलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीत सहादू म्हणाला, "मला वाटलं तू मागून येतोय. गेटपाशी थांबलो व्हतो."

त्याच शनिवारी तो पाड्यावर गेला. मी बरोबर गेलो, त्याने नको म्हटलं नाही. भागीबाईच्या अंगणात लोक जमले. भावेश आशाच्या मांडीवर झोपलेला होता. सहादूने सगळं सरळ सांगितलं. कागद साडेपाच वर्षांपूर्वी आले होते, बाईंनी दिले नाहीत, त्याला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला पाहिजे होतं, तेही त्याने केलं नाही.

मग काळूबाबा बोलला. तो आता नीट चालू शकत नव्हता, नातवाने धरून आणलं होतं.

"ती बाय कोन, आमाला म्हाईत नाय," तो म्हणाला. "सुई कोनी टोचली त्ये बी ध्यानात नाय. डबा तू नेला. कागद देतो म्हनून तू बोलला."

सहादू खाली बघत होता. "हो," म्हणाला.

दिनेश उठून गोठ्याकडे गेला. भागीबाईने भावाला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. पुढे जवळजवळ दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. तो आला की वाढायची, पाणी द्यायची आणि आत जायची. आशा मात्र बोलायची. ती त्याला एकदाच म्हणाली, "मामा, तवा कळलं असतं तरी मी हेच लगीन केलं असतं का, सांगता येत नाय. पन इचारलं असतं ना मला कोनी."

बाईंचं शिबिर दोन महिन्यांत लागलं नाही. सहा महिन्यांनी लागलं, आणि त्याला पाड्यातून अकरा माणसं आली.

तोवर सहादूने आपलं सुरू केलं होतं. दर शनिवारी तो पाड्यावरून एका-दोघांना मोटारसायकलवर बसवून सिव्हिलला आणायचा. रांगेत उभं करायचा, रक्त द्यायला लावायचा आणि पुढच्या आठवड्यात त्यालाच पुन्हा आणून कार्ड त्याच्या हातात पडेपर्यंत थांबायचा. डॉक्टरांना म्हणायचा, याला मराठीत सांगा, मला नका सांगू. तीन वर्षांत त्याने शंभराच्या वर माणसं आणली. बाकीचे आले नाहीत. एकदा फसलेला हात पुन्हा कोण पुढे करणार. काळूबाबा तर कधीच आला नाही, आणि कार्ड न मिळताच गेला.

त्यात एक लग्नही मोडलं. मुलगी वाहक, मुलगाही वाहक निघाला, आणि मुलाच्या घरच्यांनी नकार दिला. मुलीच्या आईने सहादूच्या दारात येऊन त्याला तोंडाला येईल ते बोलून घेतलं. गर्गेबाईंना भीती होती ती हीच. मी तसं बोललो, तर सहादू कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता भांडेल. पण तो म्हणाला, "व्हय. वाईट झालं." आणि पुढच्या शनिवारी त्याच मुलीच्या धाकट्या भावाला घेऊन सिव्हिलला आला.

पथक मी सोडलं नाही. पेठची बाजू आता दुसरी पोरं बघतात. गर्गेबाई दोन हजार सातला निवृत्त झाल्या, तेव्हा मोठा सत्कार झाला. पडद्यावर जुने फोटो दाखवले. त्यात शाळेच्या ओट्यावर खुर्चीत बसून हात पुढे केलेल्या सहादूचाही फोटो होता. बाई त्या फोटोपाशी थांबल्या आणि त्यांना पुढे बोलता येईना. लोकांना वाटलं आठवणींनी भरून आलं, म्हणून टाळ्या वाजल्या. मी हे सहादूला सांगितलं. त्याने विचारलं, "माझं नाव घेतलं का?" मी म्हटलं, नाही. तो प्रेसकडे वळला. बाईंनी त्याला दोनदा पत्र पाठवलं. ती ललिताने कपाटात ठेवली आहेत. त्याने उघडली नाहीत.

भावेश आता शाळेत जातो. गोळ्या चालू आहेत. थंडी पडली की त्याचे गुडघे धरतात आणि वर्षातून एक-दोनदा अंगातलं रक्त इतकं उतरतं की पिशवी लावावी लागते. गेल्या जानेवारीत तसं झालं. पेठच्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं आणि नाशिकहून रक्त मागवलं होतं. डबा घेऊन मी गेलो, कारण नेहमीचा मुलगा आजारी होता. कोणासाठी चाललोय हे मला कळलं ते तिथे पोचल्यावर.

सहादू व्हरांड्यात बाकावर बसला होता. पोराचे पाय त्याच्या मांडीवर होते आणि तो ते चोळत होता. मी डबा नर्सकडे दिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शर्टावरच्या बिल्ल्याकडे.

"घाटात धुकं व्हतं का?" त्याने विचारलं.

"होतं," मी म्हटलं.

तो बाकावर जरासा सरकला. मी बसलो. पिशवी लागेपर्यंत तो पोराचे पाय चोळत राहिला.